पांझरेचा पाट आणि विद्यार्थ्यांची नावं

वाचकाचं पत्र

डॉक्टर ताई, नमस्कार.

मी साक्री तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं शिकवून निवृत्त झालो, वय ६४. गावात पांझरा नदीच्या पाटपाण्यावरच्या फडात आमची थोडी जमीन आहे, ती आता पुतण्या बघतो. मला बीपीची गोळी आहे, आठ वर्षांपासून साखरेचीही आहे. गळ्यात माळ आहे.

यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना, सगळी भाऊबंदकी गावी जमली. एक माणूस पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, वळखं का?" चेहरा ओळखला, कोणत्या बाकावर बसायचा तेही आठवलं, पण नाव काही केल्या ओठावर येईना. तो हसून निघून गेला आणि मी खजील झालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर नाव आलं. असं आता आठवड्यातून दोन-तीनदा होतं. आतल्या खोलीत जातो आणि कशाला आलो तेच विसरतो.

भीती वाटते ती आईमुळे. ती ८२ ची असताना तिचं विसरणं सुरू झालं. शेवटची चार वर्षं ती आम्हा भावंडांना ओळखत नव्हती, पण जात्यावरची अहिराणी गाणी शेवटपर्यंत न अडखळता म्हणायची. ते कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मुलगा पुण्यात असतो. त्याने एक लेख पाठवला. वय वाढतं तशी मेंदूतल्या जाळ्यांची जोडणी बदलते आणि स्मरणशक्ती उतरते, असं त्यात आहे. तो म्हणतो, जोडण्या दाखवणारा खास एमआरआय करून घेऊ. वर्षाचे पैसे भरून मेंदूच्या व्यायामाचं ॲपही त्याने घेऊन दिलं आहे. मी रोज खेळतो. गुण वाढतात, नावं आठवत नाहीत.

माझ्या जोडण्या तुटायला लागल्या आहेत का? तो एमआरआय करावा का? या वयात काही करता येतं का? खरं लिहा, नुसता धीर देऊ नका.

– एक निवृत्त शिक्षक, साक्री तालुका

उत्तर

गुरुजी, नमस्कार.

नुसता धीर देऊ नका म्हणालात, म्हणून तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुमच्यासमोर ठेवते. नाव रात्री अंथरुणावर आलं. जे पुसलं गेलं ते असं रात्री येत नाही. नाव जागेवर होतं. त्या गर्दीत, गलक्यात, माणूस समोर वाट बघत उभा असताना तिथवर जायची वाट तेवढी सापडली नाही. साठवणं वेगळं आणि हवं तेव्हा काढणं वेगळं. वयाचा पहिला फटका बहुतेकांना काढण्याला बसतो, आणि त्यातही नावांना.

नावाला धरायला काही नसतं, हे त्याचं कारण. एखादा सुतारकाम करतो म्हटलं की रंधा, करवत, लाकडाचा भुसा सगळं डोळ्यांपुढे येतं. त्याचं आडनाव सुतार आहे म्हटलं तर काहीच येत नाही. शब्द तोच, पण धंदा म्हणून सांगितला तर तो आडनावापेक्षा सहज आठवतो, हे १९८७ पासून प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे तर निम्मा वर्ग पाटलांचा. चेहरा, बाक, खोड्या हे सगळं आठवून नाव तेवढं अडणं हे नावाच्या स्वभावातलं आहे. खोलीत जाऊन विसरण्याचंही तसंच. उंबरा ओलांडला की मेंदू आधीचा प्रसंग मिटवून नवा उघडतो. तरुणांनाही ते होतं, फक्त ते त्याचा हिशेब ठेवत नाहीत.

आता आईंची गाणी. स्मरणशक्ती म्हणजे एकच कोठार नव्हे. १९५३ साली अमेरिकेत एका तरुणाची अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढावा लागला. त्यानंतर भेटलेलं माणूस तो काही मिनिटांत विसरायचा. बालपण मात्र त्याला आठवत होतं. आरशात बघून चांदणी गिरवायचं काम तो दिवसागणिक सुधारत गेला, आणि दर दिवशी त्याला वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय. नवा प्रसंग नोंदवायला हिप्पोकॅम्पस लागतो. वर्षानुवर्षं घोटलेली चाल, लय आणि हातांची सवय मेंदूत दुसरीकडे, जास्त पसरून मुरलेली असते. अल्झायमरसारखा आजार हिप्पोकॅम्पसच्या आसपास लवकर शिरतो आणि त्या मुरलेल्या जागांपर्यंत उशिरा पोचतो. आईंनी पहाटे जात्याच्या खुंट्याला हात घालून ती गाणी हजारो वेळा म्हटली असतील. म्हणून ती टिकली. तुम्हाला ओळखण्यापेक्षा त्यांना गाणी जवळची होती, असा त्याचा अर्थ नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण मुलामुलींच्या मनात ही बोच राहते. मी ती माझ्या ओपीडीत फार वेळा पाहिली आहे.

आईला ऐंशीनंतर विस्मृतीचा आजार झाला म्हणजे तुमचा धोका थोडा जास्त धरायचा. पण तो तुमच्या वाट्याला येणारच, असं त्यातून निघत नाही.

आता मुलाने पाठवलेल्या लेखाकडे वळते. त्यातलं वाक्य खरं आहे. पण ‘जोडणी’ या शब्दाने तुमच्या मनात तुटलेल्या तारांचं चित्र उभं राहिलंय, ते आधी काढून टाका.

१९९५ साली अमेरिकेत भरत बिस्वाल नावाच्या भारतीय संशोधकाच्या एक गोष्ट लक्षात आली. माणूस एमआरआयमध्ये काही न करता नुसता पडून होता. तरी हात हलवणारा डाव्या बाजूचा भाग आणि उजव्या बाजूचा तोच भाग यांच्यातल्या रक्तप्रवाहाच्या खुणा एकाच लयीत चढत-उतरत होत्या. तेव्हापासून अशी लय जिथे जुळते त्या भागांना ‘जोडलेले’ म्हणायची पद्धत पडली. समजा, तुमच्या शिवारातल्या दोन विहिरींचं पाणी नेहमी एकदमच चढतं आणि एकदमच उतरतं. खाली झरा एक असेल, किंवा दोघींना एकाच पाटाचा पाझर येत असेल. वरून बघणाऱ्याला कळतं ते एवढंच की दोघींचं काहीतरी नातं आहे. लेखात ‘जोडणी बदलते’ असतं तेव्हा बहुतेक वेळा ही चढ-उताराची लय बदललेली असते. तार तुटलेली नसते.

मग काय बदलतं? तुम्ही फडातले आहात म्हणून हे तुम्हाला सांगणं सोपं आहे. एरवी पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावताना मला दहा मिनिटं लागतात. पांझरेवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि रान फडांत वाटलेलं. एका फडात एकच पीक. कुणी शेतकरी उठून स्वतः पाणी फोडत नाही. पाटकरी ठरलेल्या पाळीने ज्याच्या त्याच्या रानात सोडतो. शेकडो वर्षं ही पद्धत टिकली ती बांध आणि पाटकरी दोन्ही पक्के होते म्हणून.

तरुण मेंदू काहीसा असाच असतो. बघण्याचं जाळं, ऐकण्याचं जाळं, लक्ष एका जागी धरणारं जाळं असे त्याचे फड असतात. बाहेर काही काम नसताना जुन्या आठवणी आणि स्वतःचे विचार चालवणारं आणखी एक जाळं असतं. त्याला २००१ पासून डिफॉल्ट मोड म्हणतात. फडाच्या आत भागाभागांची लय घट्ट जुळते, दोन फडांमध्ये ती कमी असते. वय वाढतं तसे हे बांध झिजतात. एका फडाचं पाणी दुसऱ्यात झिरपतं, आणि दोन्हीकडे हवं तेवढं, हव्या वेळी पोचत नाही. २०१४ साली २० ते ८९ वयाच्या २१० निरोगी माणसांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वयाबरोबर हे फड एकमेकांत मिसळत गेलेले दिसले. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. वय कोणतंही असो, ज्यांचे फड जास्त वेगळे राहिले होते त्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची ताकद जास्त होती. म्हणजे सगळी ६४ वर्षांची माणसं सारखी नसतात. बांध किती शाबूत आहेत हे नुसत्या जन्मतारखेवरून ठरत नाही.

कानबाईच्या दिवशी काय घडलं, तेही या चित्रात बसतं. नवीन काही नोंदवायचं तेव्हा ते आतल्या विचारांचं जाळं शांत व्हावं लागतं. वयस्कर माणसांत ते पुरतं शांत होत नाही, आणि ते जितकं चालू राहतं तितकी नोंद कच्ची होते. काढतानाही लक्ष भलतीकडे गेलं तर अडखळायला होतं. समोर विद्यार्थी उभा आणि मनात मात्र "अरे, मला आठवत नाही, आईसारखं तर नाही ना" हे चालू. भीतीने तो बांध आणखी फुटतो. पाटकरी भांडण सोडवण्यात गुंतला आणि पाणी गेलं भलतीकडे.

इथे एक गैरसमज फार पसरलाय, तो खोडून काढते. जास्त जोडणी म्हणजे जास्त स्मरणशक्ती, असं नाही. विस्मृतीच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात हिप्पोकॅम्पसचा काही भाग उलट जास्तच उत्तेजित झालेला सापडतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये अशा रुग्णांना अपस्मारावरच्या एका औषधाचा अगदी कमी डोस देऊन ती उत्तेजना खाली आणली, तेव्हा स्मृतीच्या चाचणीत त्यांची कामगिरी सुधारली. हे औषध मागायला कुणी दवाखान्यात जाऊ नये, तो प्रयोग होता. पण पाणी जास्त सोडलं की पीक जास्त येतं असं नसतं, हे केळी लावणाऱ्या खान्देशाला मी काय सांगावं!

आता तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलायचंय. जोडणी बदलणं ही फक्त म्हातारपणाची गोष्ट नाही. शिकणं म्हणजेच जोडणी बदलणं. तुमच्या पोराने लेखातली घसरण वाचली. त्याच बदलाची दुसरी बाजू त्याच्या नजरेतून सुटली.

नेदरलँड्समधल्या मार्टिन ड्रेस्लर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धांत उतरणाऱ्या २३ जणांचे मेंदू तपासले. मेंदूच्या घडणीत त्यांना नाव घ्यावा असा फरक सापडला नाही. फरक होता तो जोडणीच्या घडीत. मग त्यांनी ५१ साध्या माणसांचे तीन गट केले. एका गटाला रोज अर्धा तास, सहा आठवडे, जुन्या ग्रीकांची ‘जागांची युक्ती’ शिकवली. ओळखीच्या वाटेवरच्या एकेका ठिकाणी एकेक शब्द मनाने ठेवत जायचं आणि नंतर मनानेच त्या वाटेवरून चालत तो उचलत यायचं. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ कार्यकारी स्मृतीचे, म्हणजे थोड्या वेळापुरतं मनात धरून ठेवण्याचे, खेळ दिले, साधारण तुमच्या ॲपच्या जातीचे. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. सुरुवातीला ७२ शब्दांपैकी सरासरी २६ ते ३० आठवत होते. सहा आठवड्यांनी जागांच्या युक्तीवाल्यांना आणखी ३५ आठवायला लागले. चार महिन्यांनीही, मधे सराव न करता, ते मूळच्यापेक्षा २२ ने पुढे होते. त्यांच्या मेंदूतल्या जोडणीची घडी स्पर्धकांच्या घडीकडे सरकली होती, आणि ज्याची जास्त सरकली त्याची स्मृती जास्त वाढली. खेळवाल्या गटात तशी वाढ झाली नाही. हे सगळे तरुण होते, म्हणून ३५ चा आकडा तुम्ही स्वतःकडून मागू नका. पण वाट तुमच्यासाठीही तीच आहे.

ॲपचे गुण वाढतात आणि नावं येत नाहीत, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. जे घोटाल ते सुधारतं, म्हणजे तो खेळ सुधारतो. २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा खेळांच्या एका मोठ्या कंपनीला २० लाख डॉलर भरायला लावले, कारण विसराळूपणा टळतो या जाहिरातीमागे पुरेसा पुरावा नव्हता. करमणूक होत असेल तर खेळा. पुढच्या वर्षी पैसे भरू नका.

आणि तो खास एमआरआय करू नका. साखरेच्या तपासणीत जसा ठरलेला आकडा असतो, तसा एकट्या माणसाच्या जोडणीचा ‘नॉर्मल’ आकडा अजून नाही. संशोधनात शेकडो माणसांची सरासरी काढून जे दिसतं ते एकाच्या स्कॅनवरून वाचता येत नाही. झोप आली असेल, चहा-कॉफी घेतली असेल तरी चित्र बदलतं. यंत्रात डोकं किंचित हललं तरी खोट्या जोडण्या दिसतात आणि खऱ्या गायब होतात, हे २०१२ मध्ये संशोधकांच्या ध्यानात आलं. त्यानंतर आधीच्या बऱ्याच निष्कर्षांकडे पुन्हा बघावं लागलं. साधा एमआरआय वेगळा. छोटे पक्षाघात, गाठ, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त असा संशय तपासणाऱ्या डॉक्टरांना आला तर तो जरूर करायचा.

त्या पैशांत आधी काय करायचं ते सांगते. साखरेच्या गोळीच्या पाकिटावर मेटफॉर्मिन लिहिलंय का बघा. बहुधा असेल. ही गोळी चांगली आहे, ती स्वतःहून थांबवू नका. पण वर्षानुवर्षं घेतली की शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. तुमच्या गळ्यात माळ, म्हणजे मांस-मच्छी-अंडी नाही. दोन्ही कारणं एकत्र आली. बी-१२ कमी झालं की विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात, आणि ते भरून काढणं औषधशास्त्रातल्या सोप्या गोष्टींपैकी एक आहे. त्याच रक्तात थायरॉइड, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी आणि कोलेस्टेरॉल पण बघून घ्या. साक्रीत किंवा धुळ्यात सहज होतं. रात्री झोपेच्या किंवा सर्दी-खाजेच्या गोळ्या नेहमी घेत असाल तर त्यांची नावं डॉक्टरांना दाखवा, त्यातल्या काही स्मृती मंद करतात. तुमच्या पत्नी घोरण्याबद्दल तक्रार करतात का? घोरता घोरता मधेच श्वास अडकत असेल तर तेही सांगा. दिवसभरात हिप्पोकॅम्पसने घेतलेल्या कच्च्या नोंदी गाढ झोपेत मेंदूच्या इतर भागांत पक्क्या होतात. ती झोप तुटली की नोंद कच्चीच राहते.

कान जरूर तपासा. चाळीस-पन्नास पोरांच्या वर्गात ३४ वर्षं गेली आहेत तुमची. मतिभ्रंशाचे, म्हणजे डिमेन्शियाचे, जे टाळता येण्याजोगे धोके आहेत त्यांत कमी ऐकू येणं फार वर आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये असे १४ धोके मोजले. बीपी, साखर, तंबाखू, एकटेपणा, नैराश्य, न तपासलेली नजर हे त्यांतलेच. हे सगळे आवरले तर जगातल्या मतिभ्रंशाच्या साधारण ४५ टक्के रुग्णांत आजार टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. ज्याला नाव नीट ऐकूच आलं नाही त्याला ते आठवणार कुठून? कानाचं यंत्र लावायला आपल्याकडे लाजतात. चष्म्याला कुणी लाजत नाही.

मग चालणं. २०१० मध्ये आलेल्या एका अभ्यासात वयस्कर माणसांना वर्षभर नियमित चालवलं. डिफॉल्ट मोड आणि लक्ष सांभाळणारं जाळं, दोन्हींच्या आतली लय घट्ट झाली. ध्यानात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे सहा महिन्यांनी फारसं दिसलं नव्हतं, बारा महिन्यांनी दिसलं. पुढच्या वर्षी आलेल्या १२० जणांच्या अभ्यासात आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षात साधारण २ टक्के वाढला, नुसते अंग ताणायचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. म्हणून महिन्याभरात सोडू नका.

कुठे चालायचं ते मी सुचवते. पाटाच्या कडेने. बंधाऱ्यापासून तुमच्या रानापर्यंत ज्या खुणा लहानपणापासून पायाखाली आहेत, त्या ओळीने वीस निवडा. बंधाऱ्याची भिंत, पहिली चारी, चिंच, म्हसोबा, मोटारीची खोली, अशा. त्यांचा क्रम कधी बदलू नका. मग तुमच्या एका जुन्या वर्गाची हजेरी आठवा आणि एकेका ठिकाणी एकेक पोरगा बसवा, पण नुसता नाही, त्याच्या नावाला दिसणारं रूप देऊन. भास्कर असेल तर बंधाऱ्याच्या भिंतीवर सूर्य पाय सोडून बसलाय. सुपडू असेल तर चिंचेखाली कुणी सुपाने चिंचोके पाखडतंय. रतन म्हसोबाच्या शेंदरात चमकतोय. चित्र जितकं विलक्षण तितकं ते पक्कं बसतं. पहिला आठवडा पाच नावं, मग दहा, मग वीस. घरी आल्यावर ओसरीत बसून मनानेच पाट चालत या. पुढे ह्याच जागांवर बाजाराची यादी ठेवा, भजनाच्या अभंगांचा क्रम ठेवा.

पुढच्या वेळी कुणी "वळखं का?" म्हणालं तर सरळ म्हणा, "बाक आठवतो बाळा, नाव सांग." त्याने सांगितलं की ते नाव मोठ्याने परत म्हणा, गाव विचारा, बापाचं नाव विचारा. नावाला धरायला तेवढे हात मिळतात.

आणि काय दिसलं की वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं, तेही लिहिते. तोच प्रश्न अर्ध्या तासात पुन्हा विचारला आणि आधी विचारल्याचं आठवलं नाही. रोजच्या रस्त्यावर वाट चुकली. पेन्शनचा, उधारीचा हिशेब जमेना. झालेलं बोलणं कुणी आठवण करून देऊनही आठवेना. या गोष्टी स्वतःला कळत नाहीत, घरच्यांना कळतात. म्हणून हा परिच्छेद पत्नीला आणि पुतण्याला वाचायला द्या. तुम्ही स्वतः एवढं नेमकं पत्र लिहिलंत, तारतम्याने तीन प्रश्न मांडलेत, त्यामुळे आज माझा कल काळजीकडे नाही. तरी धुळ्याला आलात की स्मृतीची साधी कागदावरची चाचणी करून घ्या, अर्ध्या तासाच्या आत होते. आज कितीही चांगली आली तरी ती फाइलला राहू द्या. दोन-तीन वर्षांनी तुलना करायची झाली तर तीच कामाला येईल.

पाटावर पहिल्या दिवशी वीसपैकी किती नावं जमली तो आकडा वहीत लिहा, सहा आठवड्यांनी दुसरा लिहा, आणि दोन्ही मला कळवा. बी-१२ किती आलं तेही.